चेतासंस्थेचा पाठ, पुन्हा एकदा

स्मरणिका समितीने ‘विज्ञानाविषयी काहीतरी लिहा’ असे सुचविले, तेव्हा विषय निवडण्यासाठी मला फार विचार करावा लागला नाही. या विद्यालयात अध्यापन करीत असताना जो पाठ मी दरवर्षी शिकविला, त्याच पाठात मी स्वतः एकदा नापास झालो. तो पाठ मानवी चेतासंस्थेचा.

प्रसंग असा घडला. सकाळच्या तासाला मी फळ्यावर चेतापेशीची आकृती काढून दिली आणि ‘ही परीक्षेला हमखास येते’ असे सांगून समाधानाने वर्गाबाहेर पडलो. त्याच सायंकाळी वसतिगृहाच्या भोजनगृहात पंगत बसलेली असताना इयत्ता आठवीचा एक विद्यार्थी ताटावरून बाजूला कोसळला. त्याचे हातपाय ताठ झाले, मग झटके सुरू झाले, तोंडातून फेस येऊ लागला. कोणी ‘कांदा फोडा’ म्हणून ओरडले. कोणी धावत जाऊन चप्पल आणली आणि त्याच्या नाकाशी धरली. मी विज्ञानाचा शिक्षक. चप्पल मी दूर सारली. परंतु जीभ चावली जाऊ नये म्हणून त्याच्या दातांमध्ये स्टीलचा चमचा घातला आणि त्याचा पुढचा दात अर्धा तुटला. दोन-तीन मिनिटांनी झटके आपोआप थांबले. चप्पल धरणारा आणि चमचा घालणारा या दोघांचेही अज्ञान सारखेच होते. किंबहुना माझे अधिक, कारण त्या देहात त्या क्षणी काय घडत होते याची आकृती मी सकाळीच काढली होती.

म्हणून माजी विद्यार्थी मित्रहो, हा पाठ मी आज पुन्हा घेत आहे. आणि ज्या पालक बंधू-भगिनींना आमच्या वर्गात बसण्याची वेळ आली नाही, त्यांच्यासाठी प्रथमच. ज्येष्ठ विद्यार्थ्यांना ‘मज्जासंस्था’ आणि ‘मज्जारज्जू’ हे शब्द आठवत असतील. अलीकडची पाठ्यपुस्तके ‘चेतासंस्था’ आणि ‘मेरुरज्जू’ असे म्हणतात. नावे बदलली, वस्तू तीच आहे.

आरंभी एक लहानसा प्रयोग करावा. डावा हात कोपरात वाकवा. कोपराच्या टोकाशेजारी, शरीराकडच्या बाजूला, हाडाचा एक उंचवटा लागतो. टोक आणि उंचवटा यांच्यामधली खाच उजव्या हाताच्या बोटाने हळूच चाचपा. बोटाखाली दोरीसारखे काही सरकेल. किंचित दाबले तर करंगळीपर्यंत झिणझिणी जाईल. दाराच्या चौकटीवर कोपर आपटल्यावर जो झटका बसतो तो येथलाच. आपण नुकताच आपल्या एका चेतेला स्पर्श केला. एरवी स्नायूंच्या आणि हाडांच्या आड दडलेली चेता येथे जवळजवळ कातडीखालीच असते.

आपल्या बोलीभाषेत मात्र या वस्तूला स्वतंत्र नाव नाही. हातावरची निळी रक्तवाहिनी ती शीर, मानेत आखडते तीही शीर, पायात दबते ती नस. रक्तवाहिनी, स्नायूची दोरी आणि चेता या तिन्हींना एकच शब्द पुरतो. ही भाषेची उणीव म्हणून मी सांगत नाही. चेता डोळ्यांना दिसत नाही, तिच्यातून रक्त वाहत नाही, म्हणून तिला नाव मिळाले नाही इतकेच. परंतु जे दिसत नाही त्यात बिघाड झाला की माणूस कारण दुसरीकडे शोधू लागतो. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ येथे आहे.

चेता म्हणजे हजारो तंतूंची जुडी. प्रत्येक तंतू हा एकेका चेतापेशीचा लांबवर पसरलेला भाग असतो. चेतापेशीचे तीन भाग आपण पाठ केले होते : पेशीकाय, त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या वृक्षिका आणि एक लांब अक्षतंतू. वृक्षिका संदेश घेतात, अक्षतंतू तो पुढे नेतो. पेशीकाय इतके सूक्ष्म की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. पण त्याच पेशीचा अक्षतंतू कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, म्हणजे सुमारे एक मीटर लांब असू शकतो. ही पेशी प्रथम स्पष्ट दिसली ती इटलीतील कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेल्या चांदीच्या क्षारांच्या रंगप्रक्रियेमुळे. तीच प्रक्रिया वापरून स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी दाखवून दिले की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते. गॉल्जींना ते अखेरपर्यंत पटले नाही. त्यांच्या मते सगळे मिळून एक अखंड जाळे होते. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले आणि गॉल्जींनी पारितोषिकाच्या व्याख्यानातच काहाल यांच्या मताचा प्रतिवाद केला. विज्ञानात असेही चालते, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमी मौज वाटे. खरे ठरले ते काहाल.

संदेश म्हणजे काय? विश्रांत अवस्थेत चेतापेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. उद्दीपन मिळाले की पेशीपटलातील सूक्ष्म द्वारे उघडतात, बाहेरचे सोडियमचे धन आयन आत शिरतात आणि त्या ठिकाणचा विद्युतभार क्षणभर उलटतो. हे उलटणे शेजारच्या भागाला उद्दीपित करते, तो त्याच्या शेजारच्या भागाला. अशी लाट तंतूवरून धावत जाते. ज्या तंतूंभोवती मेदयुक्त आवरण असते त्यांतील जाड तंतूंमध्ये तिचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्याही वर जातो, तर आवरणहीन बारीक तंतूंमध्ये तो सेकंदाला मीटरभरच असतो. अनवाणी चालताना ठेच लागली की आधी ‘लागले’ एवढे कळते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो. एकाच ठेचेच्या या दोन बातम्या वेगवेगळ्या वेगाच्या तंतूंवरून आलेल्या असतात.

आता पुन्हा कोपराकडे येऊ. ज्या चेतेला आपण चाचपले, तीच चेता कुष्ठरोगाची तपासणी करणारे आरोग्य कर्मचारीही चाचपतात. ती जाड आणि दुखरी लागली तर त्यांना शंका येते. कारण कुष्ठरोग हा केवळ त्वचेचा नव्हे तर चेतांचाही रोग आहे. त्याचा जंतू नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्येच शोधला. शरीराच्या तुलनेने थंड भागांतील चेतांमध्ये हा जंतू वाढतो आणि तंतूंची हानी करतो. प्रथम त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा उमटतो आणि त्या जागी स्पर्श, उष्णता, वेदना कळेनाशी होते. पुढे स्नायूंना आज्ञा पोहोचत नाहीत व करंगळी आणि अनामिका वाकड्या होतात. बोटे ‘झडतात’ ही समजूत मात्र चुकीची आहे. वेल्लोर येथे काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून या हातांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना आढळले की बोटांचा नाश जंतू थेट करीत नाही, तो वेदनेच्या अभावामुळे होतो. चुलीवरचे भांडे हातात असते आणि हात भाजत असल्याचे कळत नाही. चपलेतला खिळा दिवसभर तळव्यात रुतलेला राहतो. जखम चिघळते, हाड झिजते.

वेदना हे चेतासंस्थेचे केवढे मोठे देणे आहे हे यावरून कळावे. आणि या एका गैरसमजुतीपायी किती माणसांना गावाबाहेर राहावे लागले, हेही आठवावे. बहुविध औषधोपचार आज शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळतो, तो सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो आणि उपचार सुरू होताच थोड्याच काळात रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग थांबतो. आपल्या कायद्यात मात्र कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून २०१९ पर्यंत नोंदलेले होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते काढले गेले. मुलाच्या अंगावरील चट्ट्याला बोट लावले आणि त्याला ते कळले नाही, तर लपवू नये. आरोग्य केंद्रात जावे. हानी झालेली चेता पूर्ववत होईलच असे नसते, पण होणारी हानी थांबविता येते.

शरीरभर पसरलेल्या या चेता जेथे एकत्र येतात तो मेरुरज्जू. प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि जाडी करंगळीएवढी असते. पाठीच्या मणक्यांच्या पोकळीत तो सुरक्षित असतो आणि त्यातून मेरुचेतांच्या ३१ जोड्या निघतात. तापलेल्या तव्याला हात लागला की तो मागे खेचला जातो आणि ‘भाजले’ हे नंतर कळते. कारण हात मागे घेण्याचा निर्णय मेंदूपर्यंत जातच नाही, मेरुरज्जूच तो परस्पर घेतो. हीच प्रतिक्षिप्त क्रिया. झाडावरून पडलेल्या किंवा अपघातात सापडलेल्या माणसाला आपल्याकडे दोघे जण खांदे आणि पाय धरून उचलतात. मणका मोडलेला असेल तर त्या उचलण्यात हा करंगळीएवढा रज्जू कापला जाऊ शकतो व माणूस जन्मभरासाठी अपंग होतो. अशा वेळी पाठ आणि मान एका रेषेत ठेवून फळीवर सरकवावे आणि तीन-चार जणांनी उचलावे.

चेतापेशी स्वतंत्र असतात हे काहाल यांनी सांगितले. मग एकीचा संदेश दुसरीकडे जातो कसा? दोन पेशींच्या मध्ये केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद अशी फट असते. तिला संपर्कस्थान म्हणतात. विद्युत लाट तेथे येऊन थांबते आणि तंतूच्या टोकातून एक रसायन बाहेर पडते. ते पलीकडे पोहोचले की पुढची लाट सुरू होते. १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकांच्या दोन हृदयांवर प्रयोग करून हे सिद्ध केले. एका हृदयाची चेता उद्दीपित करून त्याची गती मंद केली आणि त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले. द्रवातून संदेश गेला होता. त्या रसायनाला आज आपण ॲसिटिलकोलीन म्हणतो. आपल्या चेता ज्या ठिकाणी स्नायूंना मिळतात तेथेही हेच रसायन काम करते.

ही अरुंद फट आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आयुष्याशी कशी निगडित आहे ते सांगतो. त्या काळी आपण सारे वसतिगृहात सतरंजीवर, जमिनीवर झोपत असू. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश पुष्कळदा दुखत नाही. खूण शोधूनही सापडत नाही. मण्यारीचे विष नेमके या संपर्कस्थानावर, तंतूच्या टोकावर आघात करते. नागाचे विष फटीपलीकडच्या स्नायूवरील ग्राहक जागा अडविते. परिणाम एकच : आज्ञा निघते, पण स्नायूला मिळत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते, त्याच्या पापण्या उघडत नाहीत, मग बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. ‘झोपेत आहे, डोळे उघडत नाही’ एवढ्यावर पालकांनी किंवा अधीक्षकांनी थांबू नये. त्या मुलाचा मेंदू जागा असू शकतो. त्याला ऐकू येत असते, फक्त उत्तर देता येत नाही. प्रतिसर्पविष आणि वेळेवर कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला तर असे रुग्ण पूर्ण बरे होतात. अंग आवळून बांधू नये, दंश कापू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. खाट नसेल तर निदान मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चांगल्या खोचाव्यात.

विंचवाचे नाव निघालेच आहे तर स्वायत्त चेतासंस्थेचा भागही उरकून घेऊ. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या ही कामे आपल्या इच्छेवर सोपविलेली नाहीत. त्यांच्यासाठी दोन परस्परविरोधी शाखा आहेत : संकटात शरीराला सज्ज करणारी अनुकंपी आणि शांत करणारी परानुकंपी. तोंडी परीक्षेत जीभ कोरडी पडून छाती धडधडते ते अनुकंपी शाखेचे काम. कोकणातील लाल विंचवाच्या विषाने चेतातंतूंची सोडियमची द्वारे उघडीच राहतात आणि या शाखेचे अक्षरशः वादळ उठते. दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसांत पाणी भरते. महाडच्या परिसरातील ग्रामीण भागात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून लक्षणांची नोंद केली आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्रॅझोसिन हे औषध या वादळावर उपयोगी पडते असे दाखवून दिले. त्यांचे संशोधन लॅन्सेटसारख्या जागतिक नियतकालिकात छापून आले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंशाने होणारे मृत्यू या उपचाराने फार मोठ्या प्रमाणात घटले. नोबेल विजेत्यांच्या गोष्टींपेक्षा मला ही गोष्ट वर्गात सांगावयाला अधिक आवडे. कारण ऐकणारी मुलेही खेड्यांतूनच आलेली असत.

आता मेंदू. वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण शरीर वापरते त्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के याला लागतो. चेतापेशी अंदाजे ८,६०० कोटी. कवटी, तीन आवरणे आणि मस्तिष्कमेरुद्रव हे त्याचे संरक्षण. त्यापासून कर्परी चेतांच्या १२ जोड्या निघतात. प्रमस्तिष्क विचार, स्मृती, भाषा, ऐच्छिक हालचाली सांभाळतो; अनुमस्तिष्क तोल आणि हालचालींतील सफाई; आणि खालचा मस्तिष्कस्तंभ श्वास व हृदयगतीसारखी, जिच्यावाचून क्षणभरही निभत नाही अशी कामे. एवढे पाठ्यपुस्तकात आहे, ते तेथे वाचावे. मला सांगावयाचे आहे ते दोन गोष्टींविषयी.

पहिली म्हणजे मेंदूतील कामे ठिकाणवार वाटलेली आहेत. १८६१ मध्ये पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांच्याकडे असा रुग्ण आला की त्याला बोललेले समजत होते, पण ‘टॅन’ या एका उच्चाराखेरीज काही बोलता येत नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर डाव्या प्रमस्तिष्काच्या पुढील भागात इजा आढळली. शिवाय मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवितो आणि उजवा भाग डावी. म्हणूनच एखाद्याचा उजवा हात-पाय अचानक लुळा पडतो आणि त्याच वेळी वाचाही जाते, तेव्हा ‘अंगावरून वारे गेले’ असे आपण म्हणत असलो तरी वाऱ्याचा तेथे संबंध नसतो. बहुधा डाव्या मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते किंवा फुटलेली असते. प्राणवायूवाचून मेंदूच्या पेशी मरू लागतात. मोठी वाहिनी बंद झाली तर मिनिटाला सुमारे १९ लाख, असा एक शास्त्रीय अंदाज आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते आणि त्याआधी सी. टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. हसताना तोंड एका बाजूला ओढले जाते काय, दोन्ही हात वर केल्यास एक खाली येतो काय, बोलणे अडखळते काय, एवढे पाहावे. यांपैकी एक जरी अचानक घडले तरी घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवावी आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघावे. मालीश करणाऱ्याच्या शोधात गेलेला दिवस परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट ही की चेतापेशींचे काम परस्परांच्या सुरात चालते, एका आवाजात नव्हे. मधल्या सुट्टीत शाळेच्या आवारात जो गलका असतो तो आठवा. प्रत्येक जण निराळे बोलत असतो, म्हणूनच सर्वांचे संभाषण चाललेले असते. समजा, तीच शेकडो मुले एकाच क्षणी, एकाच लयीत ओरडू लागली तर कोणालाच काही बोलता येणार नाही. फेफरे, आकडी, मिरगी, फिट अशा नावांनी आपण ज्याला ओळखतो त्या अपस्मारात मेंदूच्या असंख्य पेशी अशाच एकाच वेळी, एकत्र विद्युत संदेश सोडू लागतात. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरी प्रथम नोंदविल्या आणि पाच वर्षे पडताळून पाहून १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यामुळे हा एकत्र गलका कागदावर पाहता येऊ लागला. परंतु त्याहीपूर्वी, सुमारे २४०० वर्षांमागे, ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस यांच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात हा रोग दैवी कोप नसून मेंदूतून उद्भवतो असे लिहिले गेले होते. आमच्या भोजनगृहात चप्पल आली ती त्यानंतर.

चप्पल हुंगविल्याने फिट थांबल्यासारखी का वाटते? बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. चप्पल शोधून आणेपर्यंत ती वेळ झालेलीच असते. फेस म्हणजे गिळली न गेलेली लाळ. जीभ गिळली जात नाही. म्हणून करावयाचे ते एवढेच : आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याजवळचे बटण सैल करावे, रुग्णाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात पाणी, बोट, चमचा काहीही घालू नये. झटके पाच मिनिटांहून अधिक चालले, एकापाठोपाठ दुसरे आले किंवा आयुष्यातील पहिलेच असले तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

सर्व फिट अशा दृश्य नसतात. काही मुले वर्गात बोलता-बोलता पाच-दहा सेकंद थांबतात, शून्यात पाहतात आणि पुन्हा काही घडलेच नाही अशा रीतीने लिहू लागतात. दिवसातून अनेकदा. तोही अपस्माराचाच एक प्रकार असू शकतो. ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून मी किती मुलांना उभे केले असेल, आणि त्यांतील किती जणांना हा त्रास असेल, हे आता मोजता येणार नाही.

त्या मुलाचे वडील दुसऱ्या दिवशी आले ते त्याला घरी नेण्यासाठी. गावात बाहेरची बाधा म्हणून सांगितले गेले होते. उतारा ठरला होता. दाताचा अपराधी या नात्याने मी त्यांची माफी मागितली आणि आधी जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी करू, अशी विनंती केली. ते तयार झाले, हे त्यांचे मोठेपण. स्कॅनमध्ये मेंदूत पट्टकृमीच्या अळीची एक लहान गाठ दिसली. आपल्या देशात फिट येण्यामागे हे एक नेहमीचे कारण आहे. माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली पट्टकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात जातात आणि रक्तावाटे मेंदूत पोहोचतात. ज्याने जन्मात मांस खाल्ले नाही त्यालाही हा आजार होऊ शकतो. त्यानंतर भोजनगृहात कोथिंबीर आणि काकडी वाहत्या पाण्यात धुण्याचा जो नियम झाला आणि ज्याची तुम्ही थट्टा करीत होता, त्याचे कारण हे होते.

औषधे रोज, ठरल्या वेळी घ्यावी लागतात आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज एक दिवसही बंद करावयाची नसतात. नीट उपचार मिळाल्यास अपस्माराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलींच्या बाबतीत पालक आजार लपवितात तो लग्नाच्या भीतीने, आणि सासरी गोळ्या लपविण्याच्या नादात त्या चुकतात. त्यांनी हे जाणावे की हिंदू विवाह कायद्यात, जो बौद्ध, जैन आणि शीख समाजालाही लागू आहे, अपस्मार ही विवाहातील अडचण म्हणून १९९९ पर्यंत लिहिलेली होती. त्या वर्षी तो शब्द वगळण्यात आला. आता कायद्याच्या पुस्तकात ती अडचण नाही. घरात आहे काय, ते आपण पाहावे.

त्या विद्यार्थ्याची औषधे काही वर्षांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद झाली. दहावीला विज्ञानाच्या पेपरात चेतापेशीची आकृती आली होती आणि ती त्याने अचूक काढली होती, असे त्यानेच नंतर सांगितले. आज तो दोन मुलांचा बाप आहे. माजी विद्यार्थी मेळाव्याला येतो, तेव्हा वाकून नमस्कार करतो आणि हसतो. दात त्याने अजून बसवून घेतलेला नाही.